खापरपणजोबांची पलटण

(एस. वाय. बी. ए., इतिहास)

सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतील अनेक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. परंतु अशा बहुतेक पाट्यांवर आकडा असतो, नावे नसतात. जी माणसे जिवंत परतली ती तर आकड्यातही पुसट होतात. ती कोणत्या पलटणीत होती, कुठे लढली, काय भोगून आली, याचा पत्ता त्यांच्या नातवंडांनाही नसतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आमच्याकडे जुनी पत्रे, रोजनिशी, फोटो असे काही असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही माझे खापरपणजोबा, म्हणजे आजोबांचे आजोबा, कोणत्या लढाईवर गेले होते याचा बराचसा उलगडा गेल्या दीड वर्षात करता आला. हा शोध कसा घ्यावा, कोणता पुरावा कुठे सापडतो आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवावा, हे माझ्यासारख्याच घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींना सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

माणसे लढाईवर का गेली?

पहिल्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे सैन्यात व सैन्याच्या कामावर होती. त्यांतील ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. ही माणसे इंग्रजांच्या प्रेमापोटी गेली असे समजण्याचे कारण नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडून गेले होते, पाठोपाठ प्लेगही आला होता. अशा काळात शिपायाचा दरमहा ११ रुपये पगार ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला मोठी गोष्ट होती. ‘पलटणीत गेला’ याचा अर्थ आमच्याकडे ‘घराला पैसा आला’ असाच होता.

आधी घरातली माणसे, मग कागद

शोधाची सुरुवात घरातील सर्वांत वृद्ध माणसापासून करावी. कागद आणखी पाच वर्षे थांबतील, माणूस थांबेलच असे नाही. आजोबांचा जन्म १९५० चा. खापरपणजोबा वारले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. त्यांना चार गोष्टी आठवत होत्या. त्यांच्या आज्याने ‘बगदाद पाहिले’ होते. तिकडे त्याने ‘रेल्वेचे दगड फोडले’ होते. तो लढाईवरून आल्यावर ओढ्याकाठचे रान गहाण पडले. आणि चौथी गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलीच नाही. ती शेजारच्या घरातून कळली. गावात आमच्या घराला ‘घोडेखाऊंचे घर’ म्हणत.

हे नाव का पडले हे कोणी उघड बोलत नसे. आत्यांच्या लग्नाच्या बोलणीत ते निघाले की घरात भांडण होई. वडिलांनाही शाळेत ते ऐकावे लागले होते. त्यामुळे खापरपणजोबांचा विषयच घरात नको, असा एक अलिखित नियम झाला होता.

आठवणी लिहून घेताना सांगणाऱ्याचेच शब्द लिहावेत, आपले घालू नयेत, असे आमच्या सरांनी बजावले होते. त्याचा फायदा पुढे दिसून आला. ‘बगदाद पाहिले’ याऐवजी मी ‘बगदाद जिंकले’ असे लिहून घेतले असते, तर सगळा शोध भलत्याच वाटेला गेला असता.

बिल्ल्याच्या कडेवरची अक्षरे

आठवणींनंतर वस्तू. पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायाला बहुधा दोन पदके मिळत. एक चांदीचे, ‘ब्रिटिश वॉर मेडल’. त्याच्या एका बाजूला पाचव्या जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. दुसरे ब्राँझचे, ‘व्हिक्टरी मेडल’. त्यावर पंख पसरलेली स्त्री असते आणि फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. १९१५ अखेरपर्यंत जो रणभूमीवर पोचला त्याला ब्राँझचा एक तारादेखील मिळे. मजूर व खेचरवाले अशा बिनलढाऊ माणसांपैकी पुष्कळांना पहिले पदक चांदीऐवजी ब्राँझचे दिले गेले. म्हणजे पदकाचा धातूसुद्धा माणसाचे काम सांगतो.

आमच्या घरातले चांदीचे पदक १९७२ च्या दुष्काळात पणजीने सोनाराला विकले. त्या पैशांची ज्वारी आली. ताराही कधीतरी हरवला. उरला तो ‘पितळी बिल्ला’. सोनाराने त्याचे काही देता येणार नाही म्हणून तो परत दिला होता. पणजीने तो पत्र्याच्या डब्यात, मंगळसूत्राच्या तुटक्या मण्यांबरोबर ठेवून दिला. सोनाराच्या लेखी ज्याची किंमत शून्य, तोच आमच्या कामाला आला.

याचे कारण असे की, या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी बारीक अक्षरांत ठोकलेली असते. ताऱ्यावर तोच मजकूर पाठीमागे असतो. अक्षरे वाचण्यासाठी पदक चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने मुळीच घासू नये, कारण त्यामुळे अक्षरे झिजतात. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत बाजूने, तिरपा पाडावा आणि कड फिरवत मोबाइलने फोटो काढावेत. आमच्या बिल्ल्यावर चार आकडी नंबर, ‘सिपॉय’ हा हुद्दा, खापरपणजोबांचे नाव इंग्रजांनी ऐकले तसे, आणि शेवटी ‘११७ मराठाज’ एवढे वाचता आले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी प्रत्येक पलटण आपल्या शिपायांना स्वतःचे नंबर देत असे. त्यामुळे एकच नंबर अनेक पलटणींत अनेकांना असू शकतो. नुसत्या नंबराला अर्थ नाही, नंबर आणि पलटण ही जोडी महत्त्वाची.

पलटणींची बदललेली नावे

आता ११७ मराठा पलटण कुठे शोधायची? आजच्या सैन्यात या नावाची पलटण नाही. १९२२ साली इंग्रजांनी हिंदी सैन्याची पुनर्रचना केली आणि जुन्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंट बांधल्या. मराठ्यांच्या सहा पलटणींची पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. जुनी १०३ ही तिची पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी आणि ११७ पाचवी. ११४ ही प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल ११७ ला ‘रॉयल’ हा किताब मिळाला होता. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. घरात ‘जंगी पलटण’, ‘काळी पाचवी’ अशी टोपणनावे ऐकू आली, तर तीही टिपून ठेवावीत. पहिले नाव पहिल्या बटालियनचे, दुसरे दुसरीचे आहे.

महार समाजातील विद्यार्थ्यांसाठी वेगळी सूचना. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. पुढे १८९२ च्या सुमारास ही भरती बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. म्हणून पूर्वज कोणत्या सालात सैन्यात होता हे आधी ठरवावे, मग पलटण शोधावी.

पलटण सापडली की माणूस सापडू लागतो

साध्या शिपायाच्या नावाने स्वतंत्र फाइल सापडणे दुर्मिळ. पण त्याची पलटण कोणत्या तारखेला कुठे होती हे पक्के माहीत असते. पलटणीच्या वाटेवर घरातल्या आठवणी ठेवून पाहिल्या की बरेच कोडे सुटते. आमच्या बाबतीत असेच झाले.

सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हे सैन्य इराणच्या आखाताच्या टोकाला फाव येथे उतरू लागले, तेव्हा पहिल्या तुकडीत ११७ होती. त्याच महिन्यात बसरा हाती आले. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली, सप्टेंबरच्या अखेरीस कुत-अल-अमारा घेतले. तेथून जनरल टाउनशेंड सैन्य घेऊन बगदादकडे निघाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुर्कांशी मोठी लढाई झाली. माणसे इतकी पडली की मागे फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. थकलेले सैन्य कुतला परतले आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी गावाला वेढा घातला.

हा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, शिधा कमी कमी होत गेला. विमानातून पिठाची पोती, एवढेच नव्हे तर दळण्यासाठी जात्याचे दगडही टाकण्यात आले. जानेवारीच्या अखेरीस घोडे आणि खेचरे मारायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली, ती आलीही, तरी शिपाई तयार होईनात. गावी परतल्यावर लोक वाळीत टाकतील, आपल्या घरात कोणी मुलगी देणार नाही, ही त्यांची भीती होती.

या नकाराचा परिणाम वैद्यकीय इतिहासात नोंदला गेला आहे. हिंदी शिपायांना मांस नाही, भाजी नाही, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजत, रक्त येई, जखमा भरत नसत. गोऱ्यांना मांस मिळत होते म्हणून त्यांना स्कर्व्ही फारसा झाला नाही, पण मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, ताटाप्रमाणे रोग वेगळा. अखेर एप्रिलमध्ये, उभे राहण्याचीही ताकद उरली नाही तेव्हा, बहुसंख्य हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाल्ले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. त्यांपैकी दहा हजारांच्या आसपास हिंदी होती. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या सैन्याची २३ हजारांच्या आसपास हानी झाली होती.

जनरल टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवले. शिपायांना मात्र पायी चालवत बगदाद, मोसुलमार्गे पुढे नेले. वाटेत शेकडो माणसे पडली. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. बगदाद इंग्रजांनी घेतले ते ११ मार्च १९१७ रोजी.

आता आजोबांचे शब्द पाहा. ‘बगदाद पाहिले.’ खरेच आहे, ते कैदी म्हणून पाहिले. ‘रेल्वेचे दगड फोडले.’ तेही जुळते. आणि ‘घोडेखाऊ’ हे नाव उपासमारीत शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या माणसाचे निघाले.

एक सावधगिरी मात्र हवी. ११७ पलटणीत कुतनंतरही नवी माणसे भरती झाली. तेव्हा नुसत्या बिल्ल्यावरून खापरपणजोबा वेढ्यात होते असे सिद्ध होत नाही. बिल्ला, रेल्वे आणि घोडा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हा निष्कर्ष काढता येतो. पुराव्याने काय सिद्ध होते आणि आपण काय जोडतो, यातला फरक लिहिताना स्पष्ट ठेवावा.

कागद कुठे असतात?

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येते. पत्रात नंबर, हुद्दा, पलटण, गाव, तालुका आणि अंदाजे साल द्यावे. निवृत्तिवेतन न मिळालेल्या शिपायांची सेवेची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे, हे माहीत असावे. अशा वेळी ‘लाँग रोल’ या नोंदवहीबद्दल आवर्जून विचारावे. दुसऱ्या महायुद्धातील किंवा त्यानंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करते.

जे कामी आले त्यांचा शोध तुलनेने सोपा आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी संगणकावर विनामूल्य पाहता येते. तिच्यात नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुकाही असतो. आडनावाने शोधू नये, कारण इंग्रज कारकुनाने पवारचे ‘पोवार’, शिंदेचे ‘सिंदे’ केलेले असते. गावाच्या आणि तालुक्याच्या नावाने, दोनतीन स्पेलिंगे करून शोधावे. आमच्या गावच्या पाटीवर चार मृतांचा आकडा आहे. या पद्धतीने दोन शिपाई आणि एक खेचरवाला अशी तीन नावे वडिलांच्या नावांसह सापडली. चौथ्याचा शोध चालू आहे.

मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच दिले गेले. या भेदभावाची कबुली कमिशननेच २०२१ च्या आपल्या चौकशी अहवालात दिली आहे. कोकणातील ज्यांचे पूर्वज बोटीवर खलाशी होते त्यांनी मुंबईतील इंडियन सेलर्स होममधील स्मारक पाहावे. समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद तेथे आहे.

युद्धकैद्यांच्या याद्या जिनिव्हाच्या रेडक्रॉसने जपल्या असून २०१४ पासून त्या संगणकावर खुल्या आहेत. पलटणींच्या रोजच्या युद्धनोंदी लंडनजवळ क्यू येथील अभिलेखागारात आहेत. फ्रान्सच्या आघाडीवरील शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे. मराठी पत्रांसह त्यांचे इंग्रजी उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही चाळावे. इतक्या दूरच्या दप्तरांपर्यंत आपल्याला कॉलेजच्या संगणकावरून पोचता येते, ही आपल्या पिढीची सोय आहे.

गावचे दप्तर

सर्वांत दुर्लक्षित पुरावा आपल्या तहसील कचेरीत असतो. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या फेरफारांत जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे कळते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांत ही जुनी कागदपत्रे बाहेर काढून स्कॅन करण्यात आली, त्यामुळे ती पाहणे सोपे झाले आहे. बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडी शिकणे अशक्य नाही. सुटीत मन लावले तर नोंदीपुरती मोडी वाचता येते. दक्षिण महाराष्ट्रात बैलावर वह्या लादून येणारे हेळवी घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. आमच्या हेळव्याच्या वहीत खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव मिळाले.

फेरफारात १९२० सालची नोंद निघाली. ओढ्याकाठचे रान सव्वाशे रुपयांना गहाण. शिपायाच्या जवळजवळ वर्षभराच्या पगाराइतकी ही रक्कम. कारण नोंदीत लिहिलेले नाही. आजोबा सांगतात की, घोडा खाल्ला म्हणून प्रायश्चित्त घेऊन गावजेवण घालावे लागले, त्यासाठी ते रान गेले आणि पुन्हा सुटले नाही. पणजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले, आजोबाही राबले. तुर्कांच्या कैदेतून सुटून आलेला माणूस आपल्याच गावाने असा दंडिला. कुतमध्ये शिपाई ज्या भीतीने उपाशी राहिले, ती भीती खोटी नव्हती, हे त्या एका ओळीच्या फेरफाराने मला शिकवले.

हे सारे मी आजोबांना वाचून दाखवले. स्कर्व्हीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, “म्हातारा दात नसल्यानं भाकरी दुधात कुस्करून खायचा. आम्ही हसायचो.” त्यानंतर त्यांनी बिल्ला डब्यातून काढून देव्हाऱ्याजवळ ठेवला. गेल्या दिवाळीत आत्या आल्या तेव्हा त्यांनीच पोरांना बोलावून घोड्याची गोष्ट सांगितली.

मित्रहो, कागद बहुतेक पुरुषांच्या नावाने असतात, पण ते आणि बिल्ले जपले आहेत आपल्या आज्या-पणज्यांनी. म्हणून डबे आणि ट्रंका त्यांच्या परवानगीनेच उघडा. पूर्वज शूर निघावा म्हणून शोध घेऊ नका. तो पळून आलेला निघेल, आजाराने परत पाठवलेला निघेल, नुसता पाणी वाहणारा निघेल. जे निघेल ते तसेच लिहा. आपल्या घरांचा इतिहास कोणी बखरकार लिहायला आला नव्हता. लिहिता येणारी आपली पहिली पिढी आहे, तेव्हा हे काम आपल्याकडेच येते. या सुटीत घरी गेल्यावर वही-पेन घेऊन सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा, आणि आधी नुसते ऐका.